पाठीवरची तारीख

१८ ऑगस्ट २००२, रविवार

आज वर्गाला नऊ जण. आमच्या किराणा दुकानाच्या वरची खोली म्हणजेच माझा स्टुडिओ. त्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि पाट्या रंगवायचा जुना पसारा, त्यामुळे नवव्या माणसाला जिन्यात बसावं लागतं. आजही जिन्यात इंद्रायणी होती. डिंगोरे गावाच्या वर डोंगरात हिची वाडी, सकाळच्या एसटीने येते, जुन्नरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. बाकीची मंडळी नटनट्या काढतात. हिने भाताच्या लोंब्यांची किनार काढली, पानाच्या चारही बाजूंनी, पट्टी न लावता. कोपऱ्यात लोंबी अशी वळवली की मला इतकी वर्षं घासूनही जमली नसती. हे तिला सांगितलं नाही. डोक्यात हवा जाते.

सगळ्यांकडून एक गोष्ट मात्र घोकून घेतली. चित्र झालं की उलटं करायचं, पाठीवर तारीख घालायची आणि पूर्ण नाव लिहायचं.

इंद्रायणी म्हणाली, "सर, आमची आई कणगीवर चित्रं काढती. तिनं कुठं नाव टाकलंय? वाडीत समद्यांना ठावं असतंय."

"वाडीच्या बाहेर गेलं की कुणाला ठाऊक नसतं. लोक चोरतात."

"चित्र चोरत्यात?"

"चित्रच चोरतात," मी म्हटलं. तिने वहीतलं पान उलटलं आणि लिहिलं, इंद्रायणी भागू शेळकंदे. अक्षर बाकी कोंबडीच्या पायांसारखं आहे.

२९ ऑगस्ट

केळुसकर सरांचं पत्र आलं. आठ वर्षांनी.

पुण्यातला त्यांचा डिझाइन स्टुडिओ आता मोठा झाला आहे, पत्राचा कागदच सांगतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बिबट्याची दहशत आहे, उसात पिल्लं सापडतात, लोक घाबरलेत. तेव्हा त्यांचा स्टुडिओ एक पैसा न घेता बारा गावांतल्या शाळांच्या भिंती रंगवून देणार. काय करावं, काय करू नये, असं चित्रांतून सांगणार. शिवाय स्थानिक कलाकारांना घडवायचं आहे. पुढे लिहितात, 'तू तिथे आहेस हे आमचं भाग्य.'

भाग्य. नाकाने कांदे सोलावेत ते या माणसाने.

कपाटातलं जुनं पाकीट काढून पाहिलं. खाकी पाकीट, त्यात एकच ट्रेसिंग पेपर. चौऱ्याण्णव साली त्यांच्याकडे शिकाऊ होतो तेव्हा बालनाट्य महोत्सवाच्या पोस्टरसाठी मी काढलेला पक्षी. बाजूला त्यांच्या लाल पेन्सिलने लिहिलंय, 'चोच बारीक कर.' तेवढी चोच सोडली तर तो पक्षी नखशिखान्त माझा. त्याला बक्षीस मिळालं. मी आईला खास पुण्याला नेलं होतं. आमच्या मातोश्री भंवरीबाई आयुष्यात पहिल्यांदा नाट्यगृहात शिरल्या, ठेवणीतली साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसल्या. सर व्यासपीठावर गेले, ढाल घेतली, भाषण केलं, खाली उतरले. आई मला तीनदा म्हणाली, "तुझं नाव कधी घेतील?"

नंतर मी सरांना विचारलं. ते हसून म्हणाले, "जिनेश, काम स्टुडिओत झालं. जे स्टुडिओत झालं ते स्टुडिओचं."

दुसऱ्या दिवशी ट्रेसिंग पेपर शर्टात घालून मी जुन्नर गाठलं. माझा त्यांच्यावर राग आहे असं म्हणणं कमी आहे. मी त्यांच्यावर डूख धरून आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पत्राला 'हो' कळवलं.

११ सप्टेंबर

काल संवत्सरी झाली, आम्हा जैनांचा क्षमा मागायचा दिवस. उपास, स्थानकात प्रवचनाला गर्दी, मग घरोघर 'मिच्छामि दुक्कडम्'. मनाने, वाणीने, कायेने कुणाला दुखावलं असेल तर क्षमा. माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, तर ज्याच्याशी वीस वर्षं बोलत नव्हते त्या चुलतभावाचे पाय धरले आणि आज सकाळी पुन्हा बोलणं बंद.

क्षमापनेची कार्डं दरवर्षी मीच छापतो. यंदा सगळ्यांनी नावाजली. चारी बाजूंनी भाताच्या लोंब्या, मध्ये मजकूर, खाली स्टुडिओचं नाव. वहीतली किनार स्कॅन केली, जरा साफ केली, बसली एकदम फिट. दोनशे वाटली, काही उरली आहेत.

केळुसकरांना यंदाही पाठवलं नाही. मागायची क्षमा त्यांनी आहे.

२४ सप्टेंबर

काट्याने काटा काढायचा. सरांची खोड मला माहीत आहे. चांगली रेघ दिसली की त्यांचे डोळे लकाकतात आणि हात आपोआप पुढे होतो. तेव्हा त्यांच्या वाटेत एक चांगली रेघ ठेवायची. ते उचलतील, भिंतीवर चढवतील, खाली स्वतःचं नाव टाकतील. मग उद्घाटनाला, वनखात्याच्या साहेबांसमोर, पेपरवाल्यांसमोर मी उभा राहीन आणि जिने ती रेघ काढली तिला उभं करीन. पाठीवरच्या तारखेसकट. आणि मग माझं खाकी पाकीट.

ती रेघ इंद्रायणीची. तिला आत्ता काही सांगायचं नाही, उगीच बुजेल. तिचंही भलंच आहे यात.

१ नोव्हेंबर, वाघबारस

इंद्रायणीच्या वाडीला गेलो. वाघोबाच्या शेंदरी दगडापाशी गुराख्यांनी खीर शिजवली, एकाने अंगाला राख नि कोळसा फासून वाघ व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला रानात हाकलायचं, असा खेळ. इंद्रायणीचे वडील, भागूबाबा, मला म्हणाले, "वाघाला मारायचं न्हाई, पावणं. त्याला म्हणायचं, तू तुझ्या रानात, आमी आमच्या. वळखीचा हाय तो."

तिने घराच्या भिंतीवर गेरूने बिबट्या काढला होता. बसलेला, पाठमोरा, मान वळवून मागे पाहणारा, आणि उजवा कान फाटलेला.

"कान का असा?"

"आमची शेळी नेली त्येचा तसाच व्हता. मी बघितला. शेळी तोंडात आन् माज्याकडं असा बघून गेला."

मला काटाच आला. म्हटलं, हाच मोठ्या कागदावर काढून आण. एवढा धाक आणि एवढी ओळख एका मानेत आणणं पुण्यातल्या कुणाच्या बापाला जमणार नाही.

२० नोव्हेंबर

बाबूजी दरवर्षी गिऱ्हाइकांना लक्ष्मीचं तयार कॅलेंडर वाटतात. यंदा मी म्हटलं, आपणही समाजासाठी काही करू. वर बिबट्या, खाली सूचना: शेतात एकट्याने वाकून काम करू नका, पोरं अंगणात एकटी सोडू नका, पिल्लं दिसली तर हात लावू नका. इंद्रायणीचा फाटक्या कानाचा बिबट्या घेतला, मागे ऊस घातला, रंग वाढवले. खाली 'चित्र व मांडणी: जिनेश आर्ट स्टुडिओ, जुन्नर'. ऊस माझा आहे.

डिसेंबरच्या आत पारगावपासून येडगावपर्यंत प्रत्येक घराच्या खिळ्यावर असेल. इंद्रायणीला चार प्रती दिल्या. तिने बराच वेळ पाहिलं, मग म्हणाली, "लई झ्याक छापलंय, सर." खूश झाली असावी.

८ डिसेंबर, रविवार

सर आले. टक्कल पडलंय, आवाज तोच. दुकानात बाबूजींना नमस्कार करून वर आले आणि जिन्यातच थबकले, कारण जिन्यात इंद्रायणी होती आणि तिच्या मांडीवर बिबट्या. मी मुद्दाम तिला आजच मूळ चित्र घेऊन बसवलं होतं. पाच मिनिटं सर पायरीवर उभे राहून पाहत होते. डोळे लकाकले. मग म्हणाले, "याचा फोटो घेऊ?" मासा गळाला.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "जिनेश, त्या वेळी त्या पक्ष्याच्या बाबतीत मी..."

मी म्हटलं, "सर, चहा थंड होतोय." आता कशाला सारवासारव? नऊ वर्षं होत आली. आता माझ्या वेळेला माझ्या पद्धतीने. ते चहा पिऊन गेले.

१६ जानेवारी २००३

सरांचा फोन. त्या मुलीचं पूर्ण नाव काय, आणि शेळकंदे कसं लिहिते? मी सांगितलं. वर्गातल्या सगळ्यांना सहभागाचं प्रमाणपत्र देणार असतील. असली तोंडाला पानं पुसायची कला त्यांना चांगली येते.

पहिली भिंत येडगावची. मी बघायला जात नाही. उद्घाटनाला पडदा उघडेल तेव्हाच बघीन. इतकी वर्षं थांबलो, दोन महिने काय.

९ मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

येडगावच्या शाळेचं पटांगण भरलं होतं. भिंतीवर पांढरा पडदा. खुर्चीवर वनखात्याचे साहेब, बाजूला केळुसकर सर. मी दुसऱ्या रांगेत, मांडीवर खाकी पाकीट. आई हट्टाने आली होती, तिसऱ्या रांगेत बसली. तिच्या शेजारी भागूबाबा, नवी टोपी घालून. इंद्रायणी व्यासपीठाच्या पायरीवर. तिथे तिला कुणी बसवलं कोण जाणे.

पडदा सरकला. अख्ख्या भिंतीएवढा फाटक्या कानाचा बिबट्या. बायका मागे सरकल्या. मी उठणार, तेवढ्यात खाली नजर गेली. हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'चित्र: इंद्रायणी भागू शेळकंदे'. स्टुडिओचं नाव कोपऱ्यात, बोटाएवढं.

नऊ वर्षांची तयारी, आणि या माणसाने आजच्याच दिवशी साव व्हावं?

पण देव आहे. गेणभाऊ उठले. बाबूजींचं जुनं गिऱ्हाईक, येडगावचे बागायतदार, आवाज लाउडस्पीकरसारखा. म्हणाले, "थांबा, राव. ह्यो वाघ तर जिनेशभाऊंचा हाय. माज्या घरी क्यालेंडरवर हाय, कानासकट. खाली नाव हाय त्यांचं."

मागून दहा आवाज आले, आमच्याबी घरी हाय. शाळेच्या ऑफिसातल्या खिळ्यावरचं कॅलेंडर कुणीतरी काढून आणलं आणि भिंतीला लावून धरलं. तोच वाघ. तोच कान.

"पुण्याच्या लोकांनी आमच्या माणसाचं चित्र चोरलं," गेणभाऊ म्हणाले, "आन् कुणाच्या बी पोरीचं नाव टाकून मोकळं झाले."

साहेब माझ्याकडे वळले. "जिनेशभाऊ, तुम्ही सांगा. चित्र कुणाचं?"

सगळं पटांगण माझ्याकडे बघत होतं. सर बघत होते. त्यांच्या तोंडावर ते होतं जे मला नऊ वर्षं बघायचं होतं. इंद्रायणीही बघत होती. मान वळवून. मला वाटलं ती स्वतःच बोलेल. ती बोलली असती तर मी नाही म्हणालो नसतो, हे मी इथे शपथेवर लिहितो. पण ती थांबली.

मी म्हणालो, "मुलगी माझ्याच वर्गातली आहे, गुणी आहे. पण काम माझ्या स्टुडिओत झालं. जे स्टुडिओत झालं ते स्टुडिओचं."

हे वाक्य कुठून सुचलं कोण जाणे, पण नेमकं सुचलं. टाळ्या पडल्या. सर नुसते म्हणाले, "हो. असंच म्हणतात," आणि खाली बसले. पाकीट उघडायची गरजच पडली नाही.

जीप घराजवळ आल्यावर आई म्हणाली, "तो टोपीवाला म्हातारा मला सारखा विचारत होता, पोरीचं नाव कधी घेतील म्हणून. मी काय सांगणार?" या वयात आईला गर्दी झेपत नाही. पुढच्या वेळी आणायचं नाही.

१० मार्च

पेपरात आलं. 'पुण्यातील स्टुडिओवर चित्रचोरीचा आरोप'. येडगावकरांनी भिंतीवरचं नाव चुन्याने पुसून टाकलं आणि माझं घालायला रंगारी बोलावला. बाकीच्या अकरा भिंतींचं काम थांबलं. बाबूजींनी दुकानात पेढे वाटले.

मला आनंद झाला आहे. खूप आनंद झाला आहे. नऊ वर्षं घशात अडकलेलं हाड निघालं. पेढा मात्र गेला नाही, पित्त असेल.

२३ मार्च, रविवार

वर्गाला चार जण. जिना रिकामा.

अकराच्या सुमारास इंद्रायणी आली, पण बसली नाही. म्हणाली, "माझी चित्रं न्यायला आले."

मी कपाटातला गठ्ठा काढून दिला. ती एकेक चित्र उलटं करून पाठ बघत होती, पुढची बाजू नाही. मी म्हटलं, "हे बघ, त्या दिवशीचं मनावर घेऊ नको. त्या केळुसकरांचा आणि माझा जुना हिशेब होता. तू मध्ये नव्हतीस."

"मी मधीच व्हते, सर," ती म्हणाली. "पायरीवर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाला इचारलं व्हतं साहेबांनी. मला कुणी इचारलं?" मग म्हणाली, "आमच्या बाबांनी टोपी इकत आणली व्हती."

मी म्हटलं, पुढच्या कॅलेंडरवर तुझं नाव नक्की टाकू. तिने गठ्ठा फडक्यात बांधला. जाताना जिन्यावर तिच्या नेहमीच्या पायरीपाशी क्षणभर थांबली, मग गेली. पोरीला राग आहे, निवळेल.

१९ जून

ऐकलं ते खरं निघालं. इंद्रायणी पुण्याला गेली, केळुसकरांच्या स्टुडिओत. राहायची सोयही त्यांनीच लावून दिली म्हणतात. म्हणजे माझ्या वर्गातली मुलगी, मी शिकवलेली, मी जिन्यात बसवून घडवलेली, तीही त्यांनीच नेली. एकाच माणसाने दोनदा लुटलं. आता बोला.

त्यांना पत्र लिहायला बसलो. 'तिच्या चित्रांवर तिचंच नाव टाका' एवढं लिहून झालं आणि पुढे काही सुचेना. फाडून टाकलं.

परवा येडगावला गेलो होतो. भिंतीवरचा चुना पावसाने उतरतोय. त्याखालचं तिचं नाव दिसायला लागलंय, वर माझं. दोन्ही एकमेकांत घुसलेली, धड एकही वाचता येत नाही. गेणभाऊ म्हणाले, पुन्हा चुना मारू. मी म्हटलं, राहू द्या.

३१ ऑगस्ट

संवत्सरी. स्थानकात महाराज सांगत होते की क्षमा मागताना समोरच्याचा दोष मोजायचा नसतो. आई माझ्याकडे बघत होती. घरी आल्यावर तिने माझ्यापुढे हात जोडले, मी तिच्यापुढे. मग ती म्हणाली, "त्या डोंगरातल्या मुलीला पाठवलंस?"

केळुसकरांना पाठवणार नाही, ते ठरलेलं. पण आईचा शब्द मोडवेना. आणि खरं लिहायचं तर मार्चपासून ती पायरी नजरेसमोरून जात नाही. यंदा नवीन कार्ड छापायला मन झालं नाही, गेल्या वर्षीची उरली होती, त्यातलंच एक चांगलंसं निवडलं. सुंदर कार्ड आहे, तिला आवडेल. हाताने लिहिलं, 'मनाने, वाणीने, कायेने तुला दुखावलं असेल तर क्षमा कर. जिनेश.' टपालात टाकलं. मनावरचं ओझं उतरलं. बघा, मीही क्षमा मागू शकतो. काही लोकांना मरेपर्यंत जमत नाही.

११ सप्टेंबर

पुण्याहून पाकीट आलं. अक्षर ओळखीचं, कोंबडीच्या पायांचं, पण आता ओळी सरळ जातात.

आत माझंच कार्ड. मला वाटलं, चुकून परत आलं. मजकुराला हात लावलेला नाही. 'क्षमा कर' तसंच. चारी बाजूंनी भाताच्या लोंब्या, कोपऱ्यात वळलेल्या. खाली 'जिनेश आर्ट स्टुडिओ'.

उलटं केलं. पाठीवर लिहिलं होतं:

१८ ऑगस्ट २००२
इंद्रायणी भागू शेळकंदे

बाकी एक अक्षर नाही.

मागची पानं चाळली. त्या दिवशी रविवार होता. वर्गाला नऊ जण होते. मीच सांगितलं होतं.

कपाटातून खाकी पाकीट काढलं. माझा पक्षी त्यात आहे. कार्ड त्याच्याजवळ ठेवावं की वेगळं ठेवावं, हे मला ठरवता येईना. खालून बाबूजींनी हाक मारली, कुणाचं पत्र म्हणून. मी म्हटलं, वर्गातल्या मुलीचं.

"काय म्हणतेय?"

मी सांगितलं, तारीख कळवली आहे.